तीन दिवसांचा नियम न आलेल्या पार्सलला नाही

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘ऑनलाइन मागवलेली वस्तू आली नाही आणि तीन दिवसांत बँकेला कळवलं नाही, तर क्रेडिट कार्डाचे पैसे बुडाले.’ चूक आहे हे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातले ते तीन कामकाजाचे दिवस आपल्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहेत. ओटीपी आपणच टाकला, पण मिक्सर आलाच नाही, हे प्रकरण चार्जबॅकचं, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत मागण्याचं. व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत त्याला साधारण १२० दिवस मिळतात, तेही डिलिव्हरीच्या ठरलेल्या तारखेपासून. आधी विक्रेत्याला लेखी विचारा. तो पत्रव्यवहार आणि ऑर्डरची पावती बँकेच्या डिस्प्यूट फॉर्मला जोडा. (नुसतं फोनवर भांडून काही होत नाही, मी भांडून पाहिलंय.) बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकटात तक्रार करता येते.