डॉली, व्हिटनी आणि ते तिसरं कडवं

इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे अमेरिकन कंट्री (तिकडच्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या शैलीच्या) गायिका डॉली पार्टनचं गाणं, तिने ते शेजारी बसून सांगावं तसं गायलं. पॉप गायिका व्हिटनी ह्यूस्टनने हरकती आणि चढा आवाज लावून त्यातलं दुःखच घालवलं, मूळ गायिका झाकोळली गेली, आणि मी मात्र कव्हरचं, म्हणजे दुसऱ्याचं गाणं नव्याने गायलेल्या रेकॉर्डचं, कौतुक करत बसलो.

डॉलीच्या गाण्याबद्दल आपलं दुमत नाहीच. 1973 साली तिने ते लिहिलं ते गायक पोर्टर वॅगनरला निरोप देताना. त्याच्या टीव्ही कार्यक्रमातून ती घराघरांत पोचली होती आणि आता तिला स्वतःच्या वाटेने जायचं होतं. त्यामुळे गाण्यात भांडण नाही, तक्रार नाही. शेवटचं, तिसरं कडवं तर ती गातच नाही, बोलते. तुझं भलं होवो, तुला हवं ते मिळो, एवढंच त्यात आहे. मागे वाद्यं हळू चालू असतात आणि ती समोरच्या माणसाशी बोलावं तसं बोलते. सगळं तीन मिनिटांच्या आत आटोपतं.

आता तेच कडवं व्हिटनीचं ऐका. सॅक्सोफोनचा तुकडा संपला की ते येतं, आणि ती ते पूर्ण गाते. मग क्षणभर सगळं थांबतं, ड्रमचा एकच ठोका पडतो आणि पट्टी एका पूर्ण स्वराने वर जाते. तुम्ही ज्याला 'ओरडणं' म्हणता ते खऱ्या अर्थाने इथून सुरू होतं. पण तोवर तीन मिनिटं होऊन गेलेली असतात! त्यातलं पहिलं जवळजवळ पाऊण मिनिट साथीला एकही वाद्य नाही. ही कल्पना, ज्या चित्रपटासाठी तिने हे गायलं त्या 'द बॉडीगार्ड'मधला तिचा नायक केविन कॉस्टनर याची. त्या उघड्या आवाजात लपायला जागा नसते, श्वाससुद्धा ऐकू येतो. तुम्हाला डॉलीत जी जवळीक भावते ती मला इथे सापडते.

आणि हे तिसरं कडवं व्हिटनीपर्यंत पोचलं कसं? निर्माता डेव्हिड फॉस्टर काम करत होता गायिका लिंडा रॉन्स्टॅटच्या 1975च्या कव्हरवरून, आणि त्यात ते नव्हतंच. ते सुटलंय हे खुद्द डॉलीने फॉस्टरला फोनवर सांगितलं आणि शब्द दिले. गाणं हिसकावलं गेलेली बाई असं करेल का?

झाकोळली गेली म्हणाल, तर तेही मला पटत नाही. मूळ रेकॉर्ड 1974 मध्ये अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिलं आलं. 1982 मध्ये तिने तेच गाणं नव्याने रेकॉर्ड केलं, ते पुन्हा पहिलं. मधल्या काळात एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं, पण त्याचा मॅनेजर कर्नल पार्कर याने प्रकाशनाचे अर्धे हक्क मागितले. डॉलीने नकार दिला. एल्व्हिसला नाही म्हणायला केवढी छाती लागली असेल! हक्क तिच्याकडेच राहिले, म्हणून 1992 पासून व्हिटनीचं रेकॉर्ड अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, बिलबोर्डच्या हॉट 100 यादीत 14 आठवडे पहिलं होतं तेव्हा त्याची रॉयल्टी डॉलीकडे जात होती.

तुमची एक गोष्ट मात्र पूर्ण मान्य. व्हिटनीनंतर स्पर्धांमधून हे गाणं घेणारे बरेच जण फक्त त्या शेवटच्या चढ्या सुरांसाठी घेतात, आणि पहिल्या ओळीपासूनच आवाज लावतात. ते ऐकून मलाही त्रास होतो. पण त्याचा दोष तिच्या माथी का? तिने तो आवाज किती वेळ राखून ठेवला होता, हे तर ते ऐकतच नाहीत.

जमल्यास रॉन्स्टॅटचं कव्हरही ऐका. तिसऱ्या कडव्याशिवाय ते गाणं तुम्हाला पुरं वाटतं की अपुरं, हे वाचायला मला खरंच आवडेल.