आधी माळ मोजा, मग वारा

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात आमच्या गावच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी पडीक माळावर, कुठल्याशा कंपनीची माणसं वारा मोजायचा मनोरा उभा करून गेली, तेव्हापासून गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, पवनचक्क्या आल्याच पाहिजेत. रस्ता होईल, पोरांना काम लागेल. दुसरा म्हणतो, चक्क्या आल्या की ढग पांगतात, पाऊस पळतो. त्यातच अकोल्याकडच्या दोघा पक्षीमित्रांनी त्या माळावर पावसाळ्यात तणमोर हा दुर्मीळ पक्षी उतरतो असं सांगितलं आणि भांडणाला तिसरं तोंड फुटलं. मी राहते जर्मनीच्या उत्तर टोकाला, श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये. इथे कुठेही उभं राहिलं तरी नजरेत दहा-बारा चक्क्या येतातच. तेवढ्या भांडवलावर घरच्यांनी मला या विषयातली जाणकार ठरवून टाकलंय. परवा चुलत दादानं फोनवर विचारलं:

"काय व बाई, तुमच्या तिकडं पाखरू मरू नये म्हून चक्की बंद करतात म्हणे? अन् इथं रोही (नीलगाई) रातभरात अख्खी तूर साफ करतात, थे कोन बंद करन?"

पावसाचं आधी निपटवते. साताऱ्यात, सांगलीत, धुळ्यात चक्क्या आल्या तेव्हाही हेच बोललं गेलं होतं. चक्कीचं पातं सरळ वर असतं तेव्हा त्याचं टोक जमिनीपासून दीडशे-दोनशे मीटरवर जातं. पावसाळी ढग कित्येक किलोमीटर उंचीचे, आणि त्यांतलं पाणी समुद्रावरून आलेलं. चक्कीमागच्या शेतातला रात्रीचा गारवा थोडाफार कमीजास्त होत असेल, पाऊस काही होत नाही. पण ज्या गावाला कोणी धड काही सांगत नाही ते गाव आपलं आपण कारण शोधतं. त्याला मी तरी हसणार नाही.

आता पाखरू. दादानं ऐकलं ते खरं आहे. जर्मनीत जमिनीवर तीस हजारांच्या आसपास चक्क्या आहेत, आणि जगातल्या तांबड्या घारींच्या जवळजवळ निम्म्या जोड्याही याच देशात घरटी करतात. दोघांची गाठ पडणारच. २०२२ साली इथल्या निसर्गसंरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्यात पात्यांना धडकण्याचा धोका असलेल्या १५ पक्ष्यांची यादी आली आणि प्रत्येकाच्या घरट्यापासून किती अंतर राखायचं तेही आलं. त्यातली एक अट मला सगळ्यांत आवडते. चक्कीच्या बुंध्यापासून २५० मीटरच्या आत कोणी गवत कापत असेल, पीक काढत असेल किंवा नांगरत असेल, तर एप्रिल ते ऑगस्ट या काळात काम सुरू झाल्यापासून ते संपल्यावर किमान २४ तासांपर्यंत, सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत, चक्की थांबवायची. सगळ्याच चक्क्यांना नाही. ज्यांच्या परवान्यात ही अट आहे त्यांना.

आमच्या घरामागच्या कुरणात हे बघायला मिळतं. ट्रॅक्टरनं गवत आडवं करायला घेतलं की अर्ध्या तासात घारी येतात. आपल्याकडे नांगरामागे बगळे लागतात तशाच, फक्त यांची नजर उंदरांवर. घार खाली बघत गिरक्या घेते, समोर काय फिरतंय याकडे तिचं लक्ष नसतं. म्हणून शेतकऱ्यानं आदल्या दिवशी चक्कीवाल्यांना कळवायचं आणि त्यांनी पाती थांबवायची. शेजारचा शेतकरी हे कळवताना दर वेळी कुरकुरतो, कारण त्या चक्कीत त्याचाही हिस्सा आहे. इकडे गावकऱ्यांनी भांडवल घालून उभ्या केलेल्या चक्क्या पुष्कळ आहेत. कुरकुरतो, पण कळवतो.

वटवाघळांसाठी निराळा हिशेब आहे. ती जास्त उडतात उबदार, मंद वाऱ्याच्या रात्री, आणि मंद वाऱ्यात चक्की वीज तशीही थोडीच करते. मग त्या रात्री थांबवली तर कंपनीचं फार जात नाही आणि वटवाघळं मोठ्या संख्येनं वाचतात. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर चार चक्क्यांचं एकेक पातं काळं रंगवून बघितलं, तर तिथे पक्षी मरण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. चारच चक्क्यांवरचा प्रयोग आहे, लगेच काळ्या रंगाचे डबे घेऊन धावायला नको.

हे सगळं ऐकून जर्मन माणूस पाखरावर फार माया करतो असं वाटेल. तसं काही नाही. घरामागे चक्की येणार म्हटल्यावर ज्यांनी जन्मात आभाळाकडे बघितलं नाही त्यांनाही घारीचा पुळका येतो. बायर्न (बव्हेरिया) राज्यात २०१४ साली चक्कीच्या उंचीच्या दहापट अंतर घरापासून राखा असा नियम झाला, तो घारीसाठी नव्हता. खिडकीतल्या देखाव्यासाठी होता. उलट बाजूनं, चक्कीच्या नियोजित जागेजवळचं घरट्याचं झाड रात्रीतून पडल्याच्या बातम्याही येतात. पक्ष्याला दोन्हीकडून वापरून घेतात. २०२२च्या कायद्यानं तर पाखरासाठी किती तोटा सोसायचा यालाही लगाम घातला: जागेप्रमाणे वार्षिक उत्पादनात ६ ते ८ टक्क्यांपेक्षा जास्त घट होईल इतकं बंद ठेवायला लावायचं नाही. पक्षीप्रेमी त्यावर चिडलेले आहेत. मला तो आकडा पटत नाही, पण आकडा ठरलेला आहे हे पटतं. भांडायला काहीतरी हातात असतं.

आपल्याकडे हातात काहीच नाही, ही माझी तक्रार आहे. २००६च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना आधी मंजुरी लागते त्यांची यादी आहे, पवनऊर्जा त्या यादीत नाहीच. वीज 'हरित' आहे, म्हणजे तिच्याकडून काय नुकसान होणार, असं गृहीत धरलेलं. नुकसान होतं हे महाराष्ट्रातच दिसून आलंय. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पंधरा-वीस वर्षं फिरत असलेल्या चक्क्यांखाली काय बदललं याचा अभ्यास बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी सुमारे एक-चतुर्थांशच उरले होते. त्यांच्या धाकात जगणारे सरडे तिथे जास्त झाले होते, आणि निर्धास्तही. माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नव्हते. म्हणजे मेलेली पाखरं मोजून भागत नाही. जी पाखरं यायचीच थांबली ती कोणत्या खात्यात धरायची?

इथे कोणीतरी मांजराचं उदाहरण देतंच. अमेरिकेत मांजरं वर्षाला शंभर कोटींहून जास्त पक्षी मारतात, चक्क्या त्या मानानं अगदी थोडे. बरोबर. पण मांजर चिमण्या मारतं, गरुड मारत नाही. वर्षाला एखादंच पिल्लू वाढवणारा पक्षी आणि दर हंगामात दोन-तीनदा अंडी घालणारी चिमणी यांची एकाच तराजूत बेरीज करणं ही लबाडी आहे.

आपल्या भागात खरा प्रश्न पात्याच्याही आधी सुरू होतो, जमिनीच्या नोंदीपासून. ई-क्लास म्हणजे सरकारी दप्तरात पडीक. गावाच्या हिशेबात ती गुरं चारायची जागा, आणि तणमोराच्या हिशेबात विणीचं घर. पावसाळ्यात नर गवतावरून उड्या मारमारून मादीला बोलावतो. मादी अंडी घालते ती जमिनीवरच. तणमोर आज अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. वाशिम-अकोल्याकडे फासेपारधी समाजातल्या लोकांनी एकेकाळी ज्याची शिकार केली त्याच पक्ष्यासाठी माळ राखले आहेत. गवत कोणत्या महिन्यात कापायचं नाही हे त्यांना वनखात्याइतकंच कळतं. कारंजा-सोहोळला काळविटांचं अभयारण्य आहे, पण तणमोर आणि काळवीट अभयारण्याची हद्द वाचून चालत नाहीत. आणि हे संकट फक्त चक्क्यांचं नाही. गावाजवळची सरकारी जमीन म्हणून सौर प्रकल्पांचाही डोळा याच माळांवर आहे. चक्कीखाली निदान गवत उरतं; सौर पाट्यांखाली तेही उरेल याची खात्री नाही.

पात्यापेक्षाही मला तारांची धास्ती वाटते. माळढोक, तणमोर हे एकाच कुळातले पक्षी. उडताना त्यांना समोरचं नीट दिसत नाही, आणि जड अंगाच्या माळढोकाला दिसलं तरी चटकन वळता येत नाही. राजस्थानात जैसलमेरच्या राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या ४,२०० चौरस किलोमीटरात विजेच्या तारांना धडकून वर्षाला सुमारे ८४,००० पक्षी मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली माळढोकासाठी तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, कंपन्यांनी आणि सरकारनं खर्चाचं रडगाणं लावलं, आणि २०२४ साली न्यायालयानंच तो आदेश सैल करून समिती नेमली. वरोरा-भद्रावतीकडे आपलाही माळढोक होता. त्याच्यासाठी तारा खाली न्यायची वेळच आली नाही.

कोणी म्हणेल, मग कोळसाच जाळत बसायचं का? मुळीच नाही. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं. त्याच्या आवारात वाघ फिरतो, माणसं मरतात, राखेनं आसपासची हवा-पाणी नासलंय. त्या कोळशापायी किती पाखरं, किती जंगल गेलं त्याचा हिशेब कोणी चक्कीवाल्यांच्या निम्म्या कडकपणानंही मागत नाही. मी चक्कीच्या बाजूची आहे. फक्त ती आमच्या ई-क्लासवर नको, रस्त्याकडेच्या कपाशीच्या रानात चालेल.

तिथं दादाचा दुसरा प्रश्न उभा राहतो. कपाशीचं रान त्याचं आहे, आणि त्याला रोही आणि रानडुकरांनी जागलीला बसवून बसवून अर्धा केलाय. कुंपणाला विजेचं झटका मशीन लावलं तरी डुक्कर वाट काढतं. शेजारच्या कोणी तारेत चोरून प्रवाह सोडला तर बिबट्या मरतो नाहीतर माणूस. त्याची अपेक्षा एकच होती: "चक्की आली तं दिवसा लाइन भेटन ना? राती ओलित तं बंद होईन." मला नाही म्हणावं लागलं. चक्कीची वीज गावच्या डीपीत येत नाही, ती मोठ्या जाळ्यात जाते. शिवाय आपल्याकडे वारा जोर धरतो तो जून ते सप्टेंबर, तेव्हा ओलित लागतच नाही. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायच्या थंडीत वारा पडलेला असतो. दिवसाच्या विजेसाठी सौरच. म्हणजे ज्याला रात्री पंपावर जाताना बिबट्याची भीती आहे त्याला आपण चक्की दाखवून तणमोरावर प्रेम कर म्हणतोय. तो का करील?

जर्मनीत चक्कीपासून अडीच किलोमीटरच्या आतल्या गावांना दर युनिटमागे ०.२ सेंट, म्हणजे आपले वीसेक पैसे, देण्याची तरतूद कायद्यात आहे. मोठ्या चक्कीमागे वर्षाला पंचवीस-तीस हजार युरोपर्यंत रक्कम जाते. आपल्याकडे ज्याच्या वावरात खांब त्याला एकदाचे पैसे, शेजाऱ्याला आवाज, आणि मधल्या दलालांना बाकीचं. त्या पैशाभोवती काय जमा होतं ते बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगनं डिसेंबर २०२४ मध्ये दाखवलं. तिथल्या सरपंचांची हत्या पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या वादातून झाल्याचा आरोप आहे. अशा वातावरणात पाखराचं नाव काढणारा माणूस कोणाला तरी विकला गेलाय, असंच गाव समजणार.

मी दादाला सुचवलं की ग्रामसभेत ठराव घ्या: ई-क्लास सोडून जागा, पक्ष्यांना तारा दिसाव्यात म्हणून त्यांवर फिरत्या चकत्या, युनिटमागे गावाला पैसे, आणि बांधकामाआधी दोन पावसाळे माळावरची पाखरं मोजायचं काम पारध्यांच्या पोरांना, रोजीनं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, असा ठराव केला तर कंपनी पुढच्या गावात जाईल, तिथं कोणी काही विचारणार नाही.

जाईलच. म्हणून ही अट एकट्या गावानं घालून उपयोगाची नाही. जर्मनीत घारीची यादी कुठल्या एका गावानं केली नाही, ती देशाच्या कायद्यात आहे; त्यामुळे चक्कीवाल्याला शेजारच्या गावात पळून काही वाचवता येत नाही. २००६च्या त्या यादीत पवनऊर्जा आणि मोठे सौर प्रकल्प घाला ही मागणी विदर्भातून जायला हवी, आणि ती पक्षीमित्रांच्या सहीनं जाण्यापेक्षा रोह्यांनी तूर खाल्लेल्या शेतकऱ्यांच्या सहीनं गेली तर मुंबई-दिल्लीत जरा जास्त कान देऊन वाचली जाईल. दादा सही करायला तयार आहे. पण आधी रोह्यांचं काय ते बोला म्हणतोय.