प्रॉक्टर यांचा खरा धंदा खाणीपलीकडचा होता

अमेरिकी राजकारणी आणि संगमरवर उद्योजक रेडफिल्ड प्रॉक्टर यांच्यावरच्या तुमच्या लेखात त्यांचं गव्हर्नरपद, युद्धमंत्रिपद, सिनेटमधली कारकीर्द नीट आली आहे. संगमरवर मात्र दोन ओळींत उरकला. खरं तर पाया तोच. १८७०च्या सुमारास त्यांनी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या सदरलंड फॉल्सच्या संगमरवर कंपनीचा कारभार हाती घेतला आणि १८८०मध्ये रटलंडची कंपनी त्यात विलीन करून व्हरमाँट मार्बल कंपनी उभी केली.

या दगडाला सुरुंग चालत नाही. धक्क्याने आत बारीक चिरा जातात, त्या वर दिसत नाहीत आणि लादी कापताना किंवा घासताना फुटते. म्हणून त्या काळी वाफेवरच्या यंत्राच्या छिन्न्यांनी खोल चर पाडायचे, मग तळाशी ओळीने भोकं पाडून पाचरी ठोकायच्या, म्हणजे ठोकळा अखंड सुटायचा. हे चर पाडणारं यंत्र रटलंडच्याच जॉर्ज वॉर्डवेल यांचं, १८६३चं. पुढे गिरणीत बिनदातांच्या लोखंडी पात्यांची चौकट मागेपुढे हलायची. कापायची ती पात्यांखाली सोडलेली वाळू. पाणी ती वाहून न्यायचं आणि पातं थंड ठेवायचं. वाळू कमी पडली की काप रेंगाळायचा. गिरण्या ऑटर क्रीक नदीच्या धबधब्यावर चालत, हा मोठाच फायदा.

आता वजन बघा: एक घनमीटर संगमरवर म्हणजे साधारण २.७ टन. खाण ते गिरणी या वाहतुकीतच नफा जिरतो. म्हणूनच कंपनीची स्वतःची क्लॅरेंडन अँड पिट्सफर्ड रेल्वे मला त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. लेखात तिचं नावही नाही, कृपया ती भर घाला.