ग्रीकांचे देव कुणी घालवले?

“ग्रीकांचे देव आज म्युझियममध्ये उभे आहेत, कारण त्यांची टिंगल चालली असताना ग्रीक गप्प बसले. आपण तसं होऊ द्यायचं नाही.” अशा अर्थाचा मजकूर गावाकडच्या ग्रुपवर अधूनमधून फिरून येतो. निमित्त नाटकाचं असो की सिनेमाचं, झ्यूस आणि अपोलो बिचारे साक्षीला उभे केले जातात. मी पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, जहाजांच्या धंद्यात नोकरी करतो; जुन्या देवळांची टेकडी अक्रोपोलिस इथून मेट्रोच्या टप्प्यात. तेव्हा या साक्षीदारांची थोडी उलटतपासणी करायला हरकत नाही.

मुळात ग्रीक गप्प बसले हेच खोटं. इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सच्या दारांसमोर आणि चौकांत उभे असलेले हर्मीस देवाचे दगडी स्तंभ एका रात्रीत कुणीतरी विद्रूप केले. शहर खवळलं. खबरे पुढे आले, धरपकड झाली, माणसं मारली गेली, मालमत्ता जप्त झाल्या. सिसिलीच्या स्वारीवर गेलेल्या अल्किबायडीस या सेनापतीला देवीच्या गुप्त विधींची नक्कल केल्याच्या आरोपावरून माघारी बोलावलं. तो सरळ स्पार्टाला, म्हणजे शत्रूलाच जाऊन मिळाला, आणि पुढे ती स्वारीही बुडाली. सॉक्रेटिसला इ.स.पू. ३९९ मध्ये विष प्यावं लागलं त्यातही एक आरोप होता, शहराचे देव न मानण्याचा.

पण याच शहरात, सॉक्रेटिसच्या खटल्याआधी सहाच वर्षं, ॲरिस्टोफेनीस या नाटककाराचं एक प्रहसन रंगलं. त्यातला नायक खुद्द डायोनिसस देव. हेराक्लीस या महाबलीसारखं सिंहाचं कातडं पांघरून तो पाताळात जातो, भुताच्या नुसत्या चाहुलीने गर्भगळीत होतो, भीतीने त्याचे कपडे खराब होतात आणि त्याचा गुलाम त्याला हसतो. एका प्रसंगी तो प्रेक्षकांत बसलेल्या स्वतःच्याच पुजाऱ्याला “मला वाचव” म्हणून साकडं घालतो. हे कुठे? डायोनिससच्याच उत्सवात. नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. अक्रोपोलिसच्या पायथ्याशी त्या देवाच्या नाट्यगृहात पहिल्या रांगेत मधोमध पुजाऱ्याचं संगमरवरी आसन आजही आहे. ते नंतरच्या काळातलं, पण मान कुणाचा होता हे त्यावरून कळतं.

हे वाचून तमाशा पाहिलेल्या माणसाला नवल वाटू नये. आधी गणपतीचा गण, मग लगेच गवळण, आणि तिथे मावशी कृष्णाची यथेच्छ फिरकी घेते. जनाबाईने विठ्ठलाला ‘मूळ मायेच्या कारट्या’ म्हटलं, आणि तरी तिचे अभंग वारीत गायले जातात. देव घरचा असला की त्याच्याशी असं बोलता येतं. मग २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतल्या नटांवरचा विद्यार्थ्यांचा प्रयोग बंद पाडून विद्यार्थ्यांना आणि विभागप्रमुखांना अटक होते, ती कुठल्या परंपरेतून? माझ्या मते अथेन्समध्येही खटले रंगले ते शहर युद्धाने धास्तावलेलं होतं म्हणून, विनोदाने देव मेले म्हणून नव्हे.

देव गेले ते फार पुढे, आणि ते घालवले रोमच्या ख्रिस्ती सम्राटाने. थिओडोसियसने इ.स. ३९१ आणि ३९२ मध्ये फर्मानं काढली. देवळांतले बळी तर बंद केलेच, पण दुसऱ्या फर्मानाने तो घरात शिरला: कुलदैवतापुढे दिवा लावायचा नाही, धूप जाळायचा नाही, हार घालायचा नाही. कुठल्या प्रहसनाला हे जमलं नव्हतं. तरी दक्षिणेकडच्या मानी या डोंगराळ टोकावर जुने देव नवव्या शतकापर्यंत टिकले. म्हणजे फर्मानानंतरही साडेचारशेच्या वर वर्षं, कुठल्याही कायद्याच्या संरक्षणाशिवाय.

ग्रीस हा काही आदर्श नव्हे. इथल्या संविधानाची सुरुवातच पवित्र त्रिमूर्तीच्या, म्हणजे ख्रिस्ती त्रैक्याच्या, नावाने होते. २०१२ मध्ये एका दिवंगत साधूची फेसबुकवर टिंगल केली म्हणून एकाला अटक झाली, २०१४ मध्ये शिक्षाही सुनावली गेली. जुने देव पुन्हा पुजणारे थोडे लोक आहेत, त्यांच्या धर्माला सरकारी मान्यता मिळाली २०१७ मध्ये. गंमत म्हणजे भावना त्यांच्याही दुखावतात. २००४ च्या ऑलिंपिकची अथीना आणि फीवोस (म्हणजे अपोलो) ही बाहुलीवजा शुभंकरं आली तेव्हा हा आमच्या देवांचा अपमान आहे, असं त्यांच्यातल्या काहींनी म्हटलं होतं. मला त्यांच्याबद्दल सहानुभूती आहे. ती बाहुली खरंच बेढब होती. पण म्हणून कुणाला तुरुंगात टाकावं का?

ईशनिंदेची कलमं ग्रीसने २०१९ मध्ये काढून टाकली. आपण भारतात धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं १९२७ चं कलम २९५-अ जवळपास तसंच नव्या न्याय संहितेत २९९ या नव्या आकड्याखाली पुढे चालू ठेवलं. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा एका वर्गमित्राने विचारलं, “मग तुमच्याकडे आता येशूवर कुणीही काहीही बोलतं की काय?” बोलतात रे. बरंचसं टुकार असतं, लोक तिकीट काढत नाहीत.