‘अलीनं नुसता मार खाल्ला आणि जिंकला’ म्हणे!

गेल्या रविवारी बॉक्सिंगच्या स्पारिंगमध्ये (म्हणजे सरावाच्या लढतीत) माझ्या चौदा वर्षांच्या भाचीनं रिंगच्या दोराला पाठ लावली, दोन्ही हात तोंडासमोर धरले आणि समोरच्या, तिच्याहून चांगल्या थोराड मुलीला म्हणाली, ‘मार’. कोचचं लक्ष दुसऱ्या जोडीकडे होतं. त्यांनी धावत येऊन थांबवेपर्यंत पोरीनं मिनिटभर मार खाल्ला होता. रात्री डोकं दुखतंय म्हणून जेवली नाही. कोचनी झापलं तेव्हा उत्तर तयार होतं, ‘सर, अलीनं हेच केलं होतं.’

हे ज्ञान तिच्याकडे आलं ते आमच्या फॅमिली ग्रुपवरून. टाकणारे भाऊजी, म्हणजे तिचे वडीलच. मेसेज तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: ‘१९७४, झैरे. मोहम्मद अलीने सात राउंड एकही ठोसा मारला नाही. दोराला टेकून, शांतपणे, एक शब्द न बोलता मार खाल्ला. जॉर्ज फोरमन दमला. आठव्या राउंडमध्ये अलीने एकच ठोसा मारला आणि फोरमन कायमचा संपला. धडा: मारणाऱ्याला मारू द्या, तो आपोआप थकतो.’ खाली उगवता सूर्य. तिघांनी हात जोडले, आत्यानं ‘अप्रतिम’ लिहिलं. मग एका चुलत भावानं आपली अक्कल पाजळली: ‘दोर मुद्दाम सैल केले होते, फोरमनला गुंगीचं औषध दिलं होतं.’

(मराठीत पंच म्हणजे ठोसाही आणि निवाडा करणाराही. घोळ नको म्हणून मी ठोसा आणि रेफरी असंच लिहितो.)

‘एकही ठोसा मारला नाही.’ ३० ऑक्टोबर १९७४ च्या पहाटे झैरेच्या (आताच्या काँगोच्या) राजधानीत, किन्शासात झालेल्या या लढतीचं चित्रण कुणालाही बघता येतं. मी भाचीला शेजारी बसवून पहिला राउंड लावला आणि म्हटलं, अलीचे ठोसे बोटांवर मोज. राउंड संपायच्या आत तिची बोटं संपली. अली पुढे आला आणि थेट उजव्या हाताचे सरळ ठोसे फोरमनच्या तोंडावर. डावा पाय पुढे ठेवून उभ्या राहणाऱ्या बॉक्सरचा उजवा हात मागे असतो. त्याला लांबून यावं लागतं आणि समोरच्याला तो येताना दिसतो, म्हणून आधी डाव्या हाताचा जॅब, म्हणजे झटपट सरळ ठोसा, टाकून वाट करायची ही रीत. फोरमनसारख्या तेव्हाच्या विश्वविजेत्याला जॅबशिवाय उजवा मारणं म्हणजे ‘तू मला काय अडवणार’ असं तोंडावर सांगणं.

दोराला तो टेकला दुसऱ्या राउंडपासून. पहिल्या राउंडमध्ये त्याच्या लक्षात आलं की फोरमन रिंग कापतोय, म्हणजे मागे न धावता वाट अडवतोय. नाचत राहिलो तर आपणच आधी दमू. वय ३२, समोरचा २५ वर्षांचा, आणि हवा अशी दमट की उभ्या उभ्या घाम यावा. म्हणून दोर. पण दोरावर तो काय करत होता ते मेसेज लिहिणाऱ्यानं पाहिलेलंच नाही. पाठ दोरावर रेलून डोकं इतकं मागे न्यायचा की फोरमनचा ठोसा हवेत जायचा. बाकीचे दंडावर, कोपरांवर घ्यायचा. फोरमन जवळ आला की त्याची मान धरून खाली दाबायचा (हे नियमात बसत नाही, पण रेफरी झॅक क्लेटननं चालवून घेतलं). आणि फोरमनचे हात खाली आले रे आले की तोंडावर दोन-तीन सरळ ठोसे. सातव्या राउंडअखेर तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिकेवर अली पुढे होता. न मारता गुण कोण देतं?

‘एक शब्द न बोलता.’ इथे तर मी हसलोच. अली! तो माणूस वजन करतानाही गप्प बसत नसे. लढतीत तो फोरमनच्या कानाशी अखंड बडबडत होता, एवढाच जोर आहे का म्हणून डिवचत होता, हे पुढे स्वतः फोरमननंच हसत हसत सांगितलं आहे.

‘एकच ठोसा.’ शेवटी लागोपाठ पाच बसले. डाव्या हुकनं (बाजूनं वळवून मारलेल्या ठोशानं) फोरमनची मान वर आली आणि मग उजवा.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. फोरमन दमला, आणि त्याला दमवायचं हा अलीचा बेतच होता. ४० पैकी ४० लढती जिंकलेला, त्यातल्या ३७ नॉकआउट, आधीचा विश्वविजेता जो फ्रेझर याला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडणारा माणूस. त्याला लांब पल्ल्याची सवयच उरली नव्हती. पण तो दमला हवेत आणि दंडांवर ठोसे मारून, शिवाय स्वतः मार खाऊन.

चुलत भावाचे मुद्दे पटकन उरकतो. दोर सैल होते, खरं आहे. अलीचा ट्रेनर अँजेलो डंडी सांगत आला की आपण ते आवळायला गेलो होतो, आणि लढत चालू असताना तो अलीला दोरावरून हट म्हणून ओरडत होता. औषधाची कुजबुज फोरमननंच सुरू केली. पाण्याला औषधाची चव होती असं त्यानं लिहिलं, पण ते पाणी त्याच्याच कोपऱ्यातलं, म्हणजे रिंगमधल्या त्याच्याच माणसांकडचं होतं. आणि ‘कायमचा संपला’? ५ नोव्हेंबर १९९४ ला, ४५ व्या वर्षी, फोरमननं मायकल मूररला दहाव्या राउंडमध्ये पाडून हेवीवेट विजेतेपद परत मिळवलं. अंगात किन्शासाचीच चड्डी होती. त्या रात्री त्याच्या कोपऱ्यात कोण उभा होता? अँजेलो डंडी. दोर सैल करून आपल्याला फसवणाऱ्याला कुणी आपल्या कोपऱ्यात उभं करतं का?

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. ‘मारू द्या, तो आपोआप थकतो.’ किन्शासानंतर अलीला या युक्तीची सवय लागली. पाय मंदावत गेले तसा तो अंगावर घेत गेला: १९७५ मध्ये मनिलात फ्रेझरचे, १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सचे. शेव्हर्सच्या लढतीनंतर त्याचा डॉक्टर फर्डी पाचेको मूत्रपिंडाचे रिपोर्ट पाहून ‘आता थांब’ म्हणाला. कुणी ऐकलं नाही, तेव्हा तोच सोडून गेला. १९८० मध्ये लॅरी होम्ससमोर अली दहा राउंड उभा राहिला आणि होम्स काही थकला नाही. शेवटी डंडीनं लढत थांबवली.

आणि हे भाऊजींसाठी. आरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अलीच्या टीव्हीवरच्या जुन्या मुलाखती घेऊन त्याच्या बोलण्याचा वेग मोजला. १९६८ ते १९८१ या काळात तो सुमारे २६ टक्क्यांनी मंदावला होता. १९८१ मध्ये अली ३९ वर्षांचा होता. पार्किन्सन्सचं निदान झालं १९८४ मध्ये. तो आजार ठोशांमुळेच झाला का, यावर डॉक्टरांत वाद आहे, तो त्यांना घालू दे. पण ज्याच्या जिभेला जगात जोड नव्हती त्याची जीभ निदानाच्या आधीच जड झाली होती, आणि तोवर त्यानं डोक्यावर हजारो ठोसे घेतले होते.

भाऊजी, हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. तुम्ही अंगठा दाखवलात आणि तासाभरात तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर गेला, सूर्यासकट. कोचनी तिचं स्पारिंग महिनाभर बंद केलंय, फक्त फुटवर्क. पहिला राउंड ती आता रोज लावते. तुम्हीही एकदा तिच्या शेजारी बसा, तीनच मिनिटांचा आहे.