‘मुलांच्या पोटात मेण कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

फळं-भाज्या टिकवणाऱ्या खाद्य लेपांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की हे कंपन्यांचं कौतुक आहे. बिल गेट्सच्या पैशातून आलेलं रसायन फळाला फासायचं, ते धुऊनही निघत नाही, आणि जुनं फळ ताजं म्हणून मुलांच्या पोटात मेणासकट घालायचं. तुमच्या तीन आक्षेपांचं वजन सारखं नाही. शेवटचा सगळ्यांत खरा आहे, म्हणून पहिले दोन लवकर आटोपतो.

असा लेप बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या ‘अपील सायन्सेस’ या कंपनीला २०१२ मध्ये गेट्स फाउंडेशनचं १ लाख डॉलरचं अनुदान मिळालं, हे खरं. पण पैसा कुणाचा यावरून लेपात काय आहे हे कळत नाही. २०२३ मध्ये सोशल मीडियावर फिरलेला, डोळ्यांना गंभीर इजा होईल असा इशारा देणारा कागद या लेपाचा नव्हताच. ‘अपील’ याच नावाचं एक क्लीनर ब्रिटनमधली दुसरी कंपनी विकते, त्याचा तो कागद होता. फळावरच्या लेपात मुख्यतः वनस्पती तेलांपासून केलेले मोनो आणि डायग्लिसराइड असतात. ब्रेड, आइस्क्रीमच्या पाकिटावर ४७१ हा आकडा दिसतो ना, तेच हे. आपण खाल्लेलं तेल-तूप पचतानाही आतड्यात मोनोग्लिसराइड तयार होतात.

तुम्ही उल्लेखलेलं फ्रेंच संशोधन मात्र मी झटकून टाकणार नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९० हजारांहून जास्त लोकांच्या आहाराच्या नोंदी होत्या, आणि ४७१ जास्त पोटात जाणाऱ्यांमध्ये कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. शिवाय तिथलं ४७१ मुख्यतः पाकीटबंद खाण्यातून आलेलं. त्याची धास्ती वाटत असेल तर आधी घरातले केक आणि क्रीमची बिस्किटं कमी करा. फळ कमी करू नका.

धुऊन निघत नाही, हेही बरोबर. मेण थंड पाण्यात विरघळत नाही. पण सफरचंदावरून सुरी फिरवून पांढरी पूड काढून दाखवणारे व्हिडिओ बघताना एवढं लक्षात ठेवा, की सफरचंदाला स्वतःचंही मेण असतं. द्राक्षावर बोट फिरवलं की पुसली जाणारी पांढरट झाकही द्राक्षाचीच. पॅकहाउसमध्ये, म्हणजे माल पेटीत भरतात तिथे, फळ धुताना, ब्रशने घासताना हा नैसर्गिक थर बराचसा जातो, आणि त्याची जागा भरायला वरून लेप देतात. वरूड-काटोल भागातलं संत्रं लांब पाठवण्याआधी धुऊन, वॅक्सिंग करून, ग्रेडिंग होऊन पेटीत जातं, त्यामागचं एक कारण हेच.

आता तुमचा खरा मुद्दा, जुनं फळ ताजं म्हणून खपवण्याचा.

तोडलेलं फळ जिवंत असतं. ते ऑक्सिजन घेतं, साखर जाळतं आणि सालीतून पाणी गमावतं. वजनाच्या पाचेक टक्के पाणी गेलं की बहुतेक फळं-भाज्या सुकल्यासारख्या दिसू लागतात. लेप पाण्याची वाफ अडवतो आणि ऑक्सिजन थोडा कमी आत सोडतो, एवढंच त्याचं काम. थर जाड झाला तर फळ आतल्या आत गुदमरतं, अल्कोहोल तयार होतं आणि चव बिघडते. सडायला लागलेलं फळ लेपाने बरं होत नाही. मेथी-कोथिंबिरीला तर या तंत्राचा जवळपास उपयोगच नाही.

पण सुरकुती उशिरा पडते, हाच त्यातला धोकाही आहे. आपण आयुष्यभर सुरकुती, देठ आणि चकाकी बघून फळ निवडत आलो. लेपामुळे चकाकीची ती खूण भरवशाची राहत नाही, आणि आत क जीवनसत्त्व हळूहळू घटतच असतं. फसवणुकीची तुमची भीती म्हणून मला शंभर टक्के पटते.

तरीही मी लेपांच्या बाजूने का लिहितो? काढणीनंतरच्या शेतमालावर संशोधन करणाऱ्या लुधियानाच्या ‘सिफेट’ संस्थेच्या २०१५ च्या अहवालात काढणीनंतर पेरूचं नुकसान जवळपास १६ टक्के आहे, टोमॅटोचं १२ टक्क्यांच्या वर. शेतकऱ्याने पाणी, खत, मजुरी घालून पिकवलेला माल तो. आपल्याकडे शीतगृहं हवी तिथे नाहीत, आणि दोन-चार दिवस जास्त टिकणारा माल म्हणजे व्यापाऱ्यापुढे पडेल त्या भावाला द्यावा न लागणारा माल. कंपनीचं भलं होतं की नाही, याच्याशी मला देणंघेणं नाही.

आणि एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नव्हती, ती मीच जोडतो. ‘नैसर्गिक’ म्हणजे वनस्पतीजन्य असं नाही. लेपांत वापरलं जाणारं कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं. शेलॅक लाखेच्या किड्यापासून मिळतं. कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून. एकादशीला, चातुर्मासात फळांवर राहणाऱ्यांना, जैन कुटुंबांना हा फरक कळायलाच हवा. आपल्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी मधमाशीचं मेण, कार्नोबा आणि शेलॅक यांना परवानगी दिली ती लेबलवर तसं जाहीर करण्याच्या अटीवर. ते लेबल पेटीवर असलंच तरी पेटी घाऊक बाजारात फुटते, आणि गाडीवरच्या सुट्या फळाबरोबर आपल्या पिशवीत काहीच येत नाही.

म्हणून लेपांवर बंदी मागण्यापेक्षा, सुट्या फळांच्या भावाच्या पाटीवर लेप कशाचा आणि माल पॅक कधी झाला हे लिहिणं सक्तीचं करा, अशी मागणी आपण करावी. सुरुवात मॉल आणि मोठ्या दुकानांपासून व्हावी. गाडीवाल्याला मालच लेबलाशिवाय मिळतो, त्याला दंड करून काय उपयोग? तुम्ही अन्न व औषध प्रशासनाला असं पत्र लिहिणार असाल तर मसुदा मला पाठवा. नियमांचे संदर्भ मी घालून देतो आणि खाली सहीही करतो.