कूटची शरणागती आणि घोड्याचं मांस : एक खुलासा

'१९१६ साली इराकमधल्या कूटला वेढ्यात अडकलेल्या हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस खाल्लं नाही, म्हणून इंग्रजांना तुर्कांपुढे शरण जावं लागलं,' असं पुन्हा फिरतंय. हे चूक आहे आणि त्या माणसांवर अन्यायही.

या फौजेत, म्हणजे सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये, मराठा पलटणीही होत्या. सुरुवातीला अनेकांनी मांस नाकारलं, हे खरं. पण भीती गावाची होती. घरी कळलं तर वाळीत टाकतील, पोरीचं लग्न कोण करील? हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी तारेने आली, तरी धाकधूक गेली नाही. शिधा घटत गेला, हिरड्या सुजवणारा स्कर्व्ही पसरला. एप्रिलमध्ये मात्र हजारो जण ते मांस खाऊ लागले होते.

शरणागती ओढवली ती सुटकेच्या सगळ्या मोहिमा फसल्यामुळे. विमानांतून टाकलेलं धान्य पुरलं नाही. धान्य घेऊन निघालेली 'जुलनार' बोट २४ एप्रिलच्या रात्री तुर्कांच्या हाती लागली. २९ एप्रिलला सुमारे १३,००० जण कैद झाले. पुढे वाळवंटातली पायपीट आणि रेल्वेच्या कामावरची वेठबिगारी, यात कित्येक दगावले. शरणागतीचं खापर त्यांच्यावर फोडू नका.